उंदीर आवरा, घुबडं सांभाळा: नाशिकच्या कॉलनीसाठी विषाविना मोहीम

नाशिक वाढलं ते मळ्यांवर. पाथर्डी फाटा, मखमलाबाद, आडगाव, गंगापूर रोडचा पलीकडचा भाग, कुठेही बघा. सोसायटीच्या फाटकाशी डांबरी रस्ता, आणि मागच्या कंपाउंडला लागून कोबीचा नाहीतर द्राक्षांचा प्लॉट. उंदीर-घुशींना याहून सोयीची जागा मिळणार नाही. पण त्याच कंपाउंडवर संध्याकाळी पिंगळा येऊन बसतो, पाण्याच्या टाकीखाली गव्हाणी घुबड राहतं, बांधावरून धामण आणि मुंगूस फिरतात, आणि दिवसा शेतावर एका जागी पंख फडफडवत थांबलेली कापशी घार दिसते. या सगळ्यांच्या जेवणात उंदीर असतो.

म्हणून कॉलनीत उंदीर वाढले की आपण जे करतो त्याचा पहिला फटका उंदराला बसतोच असं नाही. विषाच्या गुलाबी-निळ्या केक कोपऱ्यात टाकल्या जातात. त्यांत बहुतेक वेळा ब्रोमॅडिओलोन असतं. ते रक्त गोठू देत नाही. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवस जगतो. त्या दिवसांत तो सुस्त होतो, भरदिवसा उघड्यावर येतो, आणि शिकाऱ्याच्या आयताच हाती लागतो. हे औषध उंदराच्या यकृतात टिकतं, तिथून घुबडाच्या यकृतात जातं, आणि असे चार-सहा उंदीर खाल्ले की घुबडाच्या शरीरात ते साठत जातं. घुबडांची एक जोडी पिल्लं असताना रात्रभर उंदीर आणत असते. ती जोडी गेली की पुढच्या पावसाळ्यात उंदीर पुन्हा वाढतात, आणि तेव्हा त्यांना खाणारं कोणी नसतं.

न्यूझीलंडमध्ये लोकांनी हे काम फार मोठ्या प्रमाणावर हाती घेतलं आहे. २०५० पर्यंत उंदीर, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी) आणि पॉसम (पोटाच्या पिशवीत पिल्लं वाढवणारा झाडावरचा प्राणी) देशातून पूर्ण हटवायचे, असं तिथल्या सरकारने २०१६ साली जाहीर केलं. साधी कुटुंबं आपल्या परसात लाकडी बोगद्यात चाप लावतात आणि काय सापडलं त्याची नोंद ठेवतात. पण तिथे वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही, उंदीर बाहेरून जहाजांतून आले. आपल्याकडे तसं नाही. घूस इथलीच, काळा घरउंदीर इथलाच, त्यांना खाणारेही इथलेच. त्यामुळे त्यांची बोगद्याची आणि नोंदवहीची पद्धत घ्यावी, 'समूळ उच्चाटन' मात्र तिथेच ठेवावं. आपल्याला उंदीर इतकेच ठेवायचे आहेत, जितके इथले शिकारी खाऊ शकतील.

आधी माणसं जमवा

एकट्या घराने काही होत नाही. तुम्ही तुमची भोकं बुजवली की उंदीर शेजारच्या विंगमध्ये जातात आणि महिन्याभराने परत येतात. निदान एक पूर्ण सोसायटी, जमलं तर एका नाल्यापासून पुढच्या रस्त्यापर्यंतचा पट्टा एकत्र घ्या. मे महिना सगळ्यांत चांगला. उन्हाळ्याच्या शेवटी शेतात खायला फार नसतं, उंदरांची संख्या वर्षातली सर्वांत कमी असते, आणि पावसाने बिळांत पाणी शिरून घुशी इमारतीत घुसायच्या आत काम उरकतं. जूनच्या मध्यावर सुरू केलं तर चिखलात बिळंच सापडत नाहीत.

बैठकीत दोन आवाज हमखास उठतात. एक म्हणतो, "माणूस बोलवा, औषध टाका, विषय संपवा." दुसरा म्हणतो, "गणपतीचं वाहन आहे, आमच्या हातून मारणं होणार नाही." दुसऱ्या मताचा मनापासून मान ठेवा. मोहिमेतलं निम्म्याहून जास्त काम कचरा, भोकं आणि मोजणीचं आहे, त्यात एकही जीव जात नाही. ते काम अशा घरांना द्या, ती ते जास्त निष्ठेने करतात. चाप लावणारे तीन-चार जण वेगळे असू द्या. सफाईच्या मावशी आणि वॉचमनकाका यांना पहिल्या बैठकीपासून बोलवा. रात्री कुठून काय पळतं हे चेअरमनपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं.

कोण आहे ते ओळखा

चिचुंद्री उंदीर नाही. ती कीटकभक्षी आहे, झुरळं, वाळवी, किडे खाते आणि कॉलनीच्या उपयोगाची आहे. लांब टोकदार नाक, बारीक डोळे, भिंतीच्या कडेने चिक्‌चिक् करत जाणं आणि उग्र वास या खुणांवरून ती ओळखू येते. तिला सोडायचं.

घूस जाडजूड, आखूड नाकाची, अंगावर आली तर फिस्कारते. ती जमिनीत बीळ करते आणि तोंडाशी ताज्या मातीचा ढीग टाकते. बागेच्या कडेला, ड्रेनेजच्या चेंबरजवळ, कंपाउंडच्या पायाशी असे ढीग दिसले तर घूसच समजा. काळा घरउंदीर सडपातळ असतो, त्याची शेपटी शरीराहून लांब असते. तो चढण्यात पटाईत असतो: पाइपवरून, केबलवरून, आंब्याच्या फांदीवरून गच्चीत. बुलबुल, शिंपी, होला यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लं खाणारा बहुधा हाच. बागेत घरटी रिकामी होत असतील तर कावळ्याइतकाच याच्यावरही संशय घ्या.

खात्री हवी असेल तर रांगोळी वापरा. संध्याकाळी भिंतीकडेच्या वाटेवर हातभर लांबीत रांगोळीची बारीक पूड पसरा आणि सकाळी झाडू लागायच्या आधी बघा. उंदीर-घुशीच्या पुढच्या पायाला चार बोटं, मागच्याला पाच. चिचुंद्रीच्या पुढच्या-मागच्या दोन्ही पायांना पाच-पाच. मुलांना हे काम द्या. ती हौसेने करतात आणि मोठ्यांपेक्षा बारकाईने बघतात.

मोजल्याशिवाय काही करू नका

ही पायरी लोक गाळतात, आणि मग दोन महिन्यांनी फरक पडला की नाही यावर नुसते वाद घालतात. पद्धत शेतकऱ्यांची, जुनी आहे. संध्याकाळी कॉलनीतली दिसतील तेवढी बिळं ओल्या मातीने किंवा कागदाच्या बोळ्याने बंद करायची. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवढी उघडलेली दिसतील तेवढी जिवंत. कॉलनीचा साधा नकाशा कागदावर काढा आणि जिवंत बिळांवर लाल टिंब द्या. पहिल्याच सकाळी कळतं की निम्मी बिळं ओसाड आहेत आणि खरा उपद्रव दोन-तीन जागांपुरता आहे: कचऱ्याचा कोपरा, पाण्याची गळकी टाकी, कुत्र्यांना जेवण ठेवायची जागा.

बिळात हात घालायचा नाही, काठीने ढोसायचंही नाही. उंदीर तिथे साप, हे नाशिकच्या शिवारात शब्दशः खरं आहे. नाग, घोणस, मण्यार, फुरसं चारही इथे आहेत, आणि सोडून दिलेल्या बिळात धामणही असू शकते. पायात बूट, हातात टॉर्च, आणि साप दिसला तर मागे सरून वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन. बिनविषारी धामण कॉलनीत दिसली म्हणून पकडून दूर नेण्याची घाई करू नका. ती तुमचंच काम करते आहे. लोक फार घाबरले असतील तर सर्पमित्राला बोलवून तिची ओळख तरी करून घ्या.

खाणं बंद करा

नाशिकची घंटागाडी ही या मोहिमेतली मोठी सोय आहे. कचरा गाडीतच द्यायचा, रात्री दाराबाहेर किंवा कोपऱ्यावर पिशवी ठेवायची नाही, एवढा एक नियम सगळ्यांनी पाळला तर जिवंत बिळं कमी होताना दिसतात. ज्यांची वेळ जुळत नाही त्यांचा डबा शेजाऱ्याने द्यावा. खताचा खड्डा असेल तर त्याला खालून-वरून जाळी हवी. कुत्र्यामांजरांना जेवण द्यायचं तर समोर उभं राहून द्या आणि ताटली उचलून न्या. कबुतरांना टाकलेले दाणे रात्री उंदीरच खातात, ते बंद करणं कठीण जातं, पण सांगत राहा. गळणारे नळ आणि कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी विसरू नका. मे महिन्यात उंदराला पाण्याची जास्त ओढ असते.

भोकं बुजवा

पेन्सिल जाते तिथून पिल्लू-उंदीर जातो, अंगठा जातो तिथून मोठा. डक्टमध्ये पाइप भिंतीत शिरतात तिथली फट, मीटररूमच्या दाराखालची जागा, लिफ्टचा खड्डा, बाथरूमच्या जाळ्या, गॅसच्या पाइपचं भोक, एवढं तपासा. फोम किंवा लाकूड कुरतडलं जातं. सिमेंट आणि पाव इंची लोखंडी जाळी लागते. गच्चीपर्यंत आलेल्या फांद्या निदान चार फूट अंतर ठेवून छाटा, पण छाटण्याआधी त्यांवर घरटं नाही हे बघा.

टाकीखाली किंवा डक्टच्या माथ्याशी पांढरट विष्ठेचे ओघळ आणि खाली काळपट-करड्या गोळ्या दिसल्या तर तिथे जाळी मारू नका. त्या गोळ्या म्हणजे घुबडाने ओकलेली हाडं आणि केस. काडीने गोळी उकलली तर आत उंदराच्या कवट्या सापडतात. शाळकरी मुलांना आणि शंकेखोर सभासदांना दाखवायला याहून चांगला पुरावा नाही. जुन्या नाशकातले वाडे पडत चालले, तशा घुबडांच्या जागाही गेल्या. आता ती आपल्याच इमारतींच्या खबदाडांत येतात.

चाप लावण्याची रीत

आता मारण्याचा भाग. खाणं आणि भोकं बंद करून दोन आठवडे झाले की पुन्हा बिळं मोजा. आकडा पुरेसा खाली आला असेल तर इथेच थांबायला हरकत नाही, बाकीचं घुबडं बघतील. नसेल तर चाप.

साधा स्प्रिंगचा मोठा चाप घ्या, उंदराला जागीच मारणारा. उघड्यावर कधीही ठेवायचा नाही. फळ्यांचा किंवा जुन्या पीव्हीसी पाइपचा हातभर लांब बोगदा करा, एक टोक जाळीने बंद, दुसऱ्या टोकाला घूस शिरेल एवढंच तोंड, चाप आत खोल. त्यामुळे मुलांचे हात, कुत्र्यांची तोंडं आणि पक्ष्यांच्या चोची वाचतात. बोगदा भिंतीला चिकटून ठेवा. उंदीर मोकळ्यातून जात नाही, कडेने जातो. उपद्रवाच्या जागी दर पंधरा-वीस फुटांवर एक पुरे.

पहिले तीन-चार दिवस चाप न चढवता फक्त आमिष ठेवा. नवी वस्तू दिसली की उंदीर लांब राहतो. त्याला सवय होऊ द्या, आमिष खाल्लेलं दिसलं की मगच चढवा. या धीराने जेवढं साधतं तेवढं महागड्या सापळ्याने साधत नाही.

आमिष शाकाहारी ठेवा: गूळ-शेंगदाण्याचा गोळा, खोबऱ्याचा तुकडा, तेल लावलेली भाकरी. सुकट-बोंबलाने उंदीर येतो हे खरं, पण चिचुंद्री आणि मांजरंही येतात. चाप अंधार पडल्यावर चढवायचे आणि उजाडायच्या आत उतरवायचे. खार, मुंगूस, सातभाई दिवसा फिरतात, त्यांच्यासाठी ही वेळ पाळायची आहे. ती पाळायला जमणार नसेल तर चाप लावूच नका. रांगोळीत चिचुंद्रीची पावलं जास्त दिसली तर त्या जागी चाप न लावता तारेचा पिंजरा ठेवा, म्हणजे तिला सकाळी सोडता येईल.

पिंजऱ्यात उंदीर सापडला तर काय, हे आधी ठरवा. पांडवलेणीच्या पायथ्याशी किंवा गंगापूर धरणाकडे नेऊन सोडणं दयेचं वाटतं, पण ते तसं नाही. अनोळखी जागी तो बहुधा मरतो, आणि जगला तर टिटवीसारख्या जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या माथी बसतो. बुडवून मारू नका, त्यात जीव फार वेळ तडफडतो. गोणपाटात घेऊन डोक्यावर एकच जोराचा घाव, हे ज्याला नीट येतं त्यानेच करावं. कोणालाच जमणार नसेल तर पिंजरा फक्त चिचुंद्री कुठे आहेत ते कळण्यापुरता वापरा.

चिकट कागद अजिबात नको. उंदीर त्यावर तासन्‌तास, कधी दिवसभर जिवंत राहतो, आणि त्याच्या धडपडीमुळे आलेला पिंगळा, पाल, सरडा, चिमणी तिथेच अडकते. भारतीय प्राणी कल्याण मंडळानेही राज्यांना या सापळ्यांवर बंदी आणायला सांगितलं आहे.

मेलेला उंदीर हातमोजे घालून उचला, दीड-दोन फूट खोल पुरा, चाप साबणाच्या पाण्याने धुवा. उंदराच्या लघवीतून लेप्टोस्पायरोसिस होतो, हातावर जखम असेल तर त्या दिवशी काम दुसऱ्याला द्या. नंतर ताप आला तर डॉक्टरांना उंदरांच्या कामाबद्दल आवर्जून सांगा.

विषाबद्दल

सोसायटीचं पेस्ट कंट्रोलचं कंत्राट असेलच. ते मोडायची गरज नाही, फक्त करार उघडून बघा. औषधाचं नाव लेखी मागा. उंदरांसाठी फक्त चाप आणि बंदिस्ती, असं करारात लिहून घ्या. बहुतेक कंत्राटदार तयार होतात, कारण त्यांना भोकं बुजवण्याचं काम मिळतं.

पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट घरात आणूच नका. तिच्यावर उतारा नाही, आणि मुलांच्या हाती ती पटकन लागते. शेजारच्या मळ्यात झिंक फॉस्फाइड लावलेलं धान्य टाकतात. ते दाणे मोर, तितर, होले थेट उचलतात. मळेवाल्या भाऊंशी भांडू नका, त्यांचं नुकसान खरं आहे. त्यांच्याकडे जाऊन बसा, तुमचा नकाशा दाखवा, आणि पक्षीथांबे उभे करायला मदत करा. वीतभर आडवी काठी ठोकलेला आठ-दहा फुटी बांबू बांधावर रोवला की दिवसा कापशी आणि कोतवाल, रात्री पिंगळा त्यावर बसतात. निफाड तालुक्यातल्या नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्याला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाल्याचं २०२० साली जाहीर झालं, तो महाराष्ट्रात पहिला. हिवाळ्यात त्या भागात उतरणारे भोवत्यासारखे शिकारी पक्षी आजूबाजूच्या शेतांवरून उंदीर शोधत फिरतात. म्हणजे एका मळ्यातलं विष फक्त त्या मळ्यापुरतं राहत नाही.

कोणी मुलाने किंवा कुत्र्याने विष खाल्ल्याची शंका आली तर लक्षणांची वाट बघू नका. गोठण रोखणाऱ्या विषाची लक्षणं काही दिवसांनी दिसतात, तेव्हा उशीर झालेला असतो. पाकीट सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा.

घुबडाची पेटी

उत्साही सभासद पहिल्याच महिन्यात पेटी लावायला निघतात. थांबा. आजूबाजूच्या कॉलन्यांत केक टाकणं चालू असताना पेटी लावली तर आपण घुबडाला विषारी जेवणाचं आमंत्रण देतो. निदान तुमची आणि लगतची सोसायटी विष बंद करेपर्यंत पेटी नको.

त्यानंतर दोन फूट लांब, दीड फूट रुंद-उंच, मजबूत प्लायची, वीतभर रुंदीच्या दाराची आणि तळाला पाणी निघायला बारीक भोकं असलेली पेटी करा. पंधरा फुटांच्या वर, शेताकडे तोंड करून, पश्चिमेच्या पावसाची झड लागणार नाही अशी लावा. घुबड लगेच येईलच असं नाही. आलं तर फोटो काढून जागेसकट फिरवू नका. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास अघोरी पूजेसाठी घुबडं पकडणारे अजून आहेत, आणि त्यांना पत्ता आपल्याच मोबाइलमधून मिळतो. घुबडांना वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. तशी चाहूल लागली तर १९२६ वर कळवा.

दिवसा जमिनीवर बसलेलं, मान लटकलेलं किंवा चोचीशी रक्त असलेलं घुबड दिसलं तर त्याला पाणी पाजू नका, खायला घालू नका. जाड टॉवेल टाकून उचला, पंजे सांभाळा, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वन विभागाला कळवा. परिसरात कोणतं उंदीरनाशक वापरलं आहे हे पशुवैद्यांना सांगा. ब्रोमॅडिओलोनवर व्हिटॅमिन के-१ चा उपचार चालतो, पण तो वेळेत व्हायला हवा.

पुढचं वेळापत्रक

पावसाळ्यात चाप गुंडाळून ठेवा, फक्त भोकं आणि कचरा यांवर नजर राहू द्या. सोयाबीन-बाजरीची काढणी झाली की शेतातले उंदीर कॉलनीकडे सरकतात, म्हणून दुसरी फेरी दिवाळीनंतर. पुन्हा संध्याकाळी बिळं बुजवा, सकाळी मोजा, नकाशावर दुसऱ्या रंगाची टिंबं द्या. मे महिन्याची लाल टिंबं आणि नोव्हेंबरची निळी एकाच कागदावर आली की सभासदांना फार समजवावं लागत नाही. तो कागद नोटीस बोर्डावर लावा आणि त्या रविवारच्या मोजणीला शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना बोलवा. मेमध्ये त्यांची कॉलनीही धरून नकाशा काढायचा आहे.